भांगापासून उधाणापर्यंत: वैशाखातली गळाची सात दिवसांची फेरी, निवती ते भाट्ये

उन्हाळ्यात कोकणात गळ टाकायला येणारे बहुतेक जण आधी गाव ठरवतात आणि मग भरती बघतात. खरं तर हे उलट व्हायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यालगतचं पाणी तिशीच्या घरात तापलेलं असतं आणि मासा दिवसभर फिरत नाही. पाणी हलतं आणि ऊन कोवळं असतं अशा दीड-दोन तासांतच तो तोंड उघडतो. म्हणून ही फेरी तिथी बघून आखली. भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस होडीतून खोल पाण्यात, त्यानंतरचे खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, उधाण चढू लागलं की खाडीत. वैशाख शुद्ध नवमी ते पौर्णिमा, दक्षिणेकडून उत्तरेकडे.

वेळेचा हिशोब जुनाच. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. नवमीला नऊ गुणिले पाऊण, म्हणजे पावणेसात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरती मुंबईच्या पाऊण तासाच्या आसपास आधी लागते, म्हणून सहा धरायचे. पुढे रोज साधारण पाऊण तास उशीर. हा अंदाज आखणीपुरता. निघताना भरतीचं कोष्टक बघावंच, कारण दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, मालवणाकडे ते दोन मीटरच्या आसपासच राहतं. त्यामुळे मुंबई-अलिबागच्या खाडीतला अनुभव इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. इथे पाण्याची ओढ कमी आणि ती मिळण्याचा वेळही थोडा.

नवमी. निवतीबाहेरचे खडक

पूर्ण भरती सकाळी सहाला. भांगाचं पाणी, ओढ जेमतेम. खाडीत अशा दिवशी हात हलवत परत यावं लागतं, पण होडीतून जिग, म्हणजे धातूचं जड आमिष, टाकायला हाच दिवस चांगला, कारण जिग सरळ खाली जाते. उधाणात तीच जिग तिरकी वाहते, तळ लागल्याचं कळत नाही आणि दोर खडकात अडकतो.

निवतीच्या समोर समुद्रात दीपगृह असलेल्या खडकांचा पुंजका आहे. त्याच्या आसपास पंचवीस मीटरच्या आतबाहेर पाणी मिळतं. पहाटे पाचला होडी सुटली. निघायची वेळ मतलई वाऱ्यावर ठरते. जमिनीकडून येणारा हा वारा नऊ-साडेनऊपर्यंत असतो आणि समुद्र तेलासारखा गुळगुळीत ठेवतो. त्यानंतर खारा वारा धरतो आणि अकरापर्यंत लहान होडीत उभं राहणं कठीण होतं.

सामान असं: साडेसहा फुटी जिगिंग रॉड, ५००० आकाराचं रील, पीई २ ब्रेड (विणलेला दोर, आकडा जाडीचा), ४० पौंडी फ्लोरोकार्बन लीडर (आमिषाजवळचा पारदर्शक दोर) दोन मीटर. जिग ६० ग्रॅमची. दर मीटर खोलीला दोन ते तीन ग्रॅम हा हिशोब भांगात पुरतो. पहिला तास चंदेरी जिगवर लहान ट्रेव्हली आणि बाराकुडा, एकूण सात. आठच्या सुमारास सुरमईने दोन जिग कापून नेल्या. सुरमईचे दात कातरीसारखे, फ्लोरोकार्बन कितीही जाड असलं तरी टिकत नाही. वीस सेंटिमीटर तार लावली की जिग वाचते, पण पाणी नितळ असेल तर ट्रेव्हली त्याच तारेला बुजते. म्हणून एका रॉडला तार लावली आणि दुसरा तसाच ठेवला. तारेवर अडीच किलोची एक सुरमई आली. महाराष्ट्रात माशांच्या किमान आकाराचा नियम २०२३ पासून आहे. सुरमईसाठी तो ३७० मिलिमीटर. ही त्याच्या बरीच पुढची होती, ती ठेवली.

तळाजवळ गोबरेही लागले, दोन्ही दीड किलोच्या आतले. पंचवीस मीटरवरून गोबरा झटकन वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि जठर तोंडातून बाहेर येतं. असा मासा पाण्यावर सोडला तर उलटा तरंगतो आणि घारी उचलतात. जठराला टोचू नये. उलटा काटा दाबून टाकलेला गळ खालच्या जबड्याला उलट्या दिशेने अडकवायचा, खाली अर्धा किलो शिसं बांधायचं आणि मासा तळापर्यंत सोडून दोराला हिसका द्यायचा. गळ सुटतो, मासा खोलीवर पुन्हा सावरतो. दोन्ही गोबरे असेच सोडले. गोबरा आधी मादी असतो आणि वाढल्यावर त्यातले काही नर होतात. मोठे वेचून काढले की जागेवर नरच उरत नाहीत.

दशमी. देवबाग, कर्लीचं मुख

भरती पावणेसातला. आदल्या संध्याकाळी वाळूत सोडलेल्या लहान गळांवर मुडदुशे चांगले लागत होते, म्हणून सकाळही त्यांनाच दिली. १० नंबरचा गळ, २० ग्रॅम शिसं, सोललेल्या सुंगटाचा (कोळंबीचा) नखाएवढा तुकडा. लाट फुटून मागे सरकते त्या पन्हळीत टाकायचं, लांब फेकायची गरज नाही. दोन तासांत अठरा. आठनंतर संगमावर पर्यटकांच्या होड्या सुरू झाल्या आणि मासेमारी संपली. मे महिन्यात देवबागला सकाळी आठनंतर गळ घेऊन जाऊच नये.

मालवणात शिरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याचा गाभा आहे. त्या खडपांवर मासा दिसतो म्हणून गळ टाकायचा नाही. किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असेल तर दोन्ही टोकांच्या दोरांपासून दूर राहावं. रापणकरांचा तो दिवसाचा घास असतो. जाळ्यात एखादा तिहेरी गळ अडकला तर ओढणाऱ्याचा हात फाटतो.

एकादशी. देवगड, दीपगृहाखालचं खडप

भरती साडेसातला, उजाडतं साडेपाचला. म्हणजे चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास कोवळ्या उजेडात. खडपासाठी याहून चांगली जुळणी महिन्यात दोन-तीनदाच मिळते.

खडपावर पोचल्यावर पंधरा मिनिटं रॉड न उघडता लाटा बघायच्या. लाटा पाच-सातच्या घोळक्याने येतात आणि मध्ये शांतता असते. त्या शांततेला भुलून पुढे उतरणारा माणूस पुढच्या घोळक्यात सापडतो. जिथपर्यंत खडक काळा आणि ओला, तिथे उभं राहायचं नाही. हिरवं शेवाळ बुटाच्या कुठल्याही रबरावर घसरतं. खाली कालवं असतात, पडल्यावर हात टेकला की तळवा कापलाच. परतीची वाट भरती पूर्ण झाल्यावरही कोरडी राहील ना, हे चढत्या पाण्यातच तपासायचं.

९ फुटी रॉड, पीई ३, ६० पौंडी लीडर. पावणेसहाला पेडव्यांचा थवा खडपाला लागून आला आणि मागोमाग क्वीनफिश. १२ सेंटिमीटरचं तरंगतं स्टिकबेट जलद ओढलं की त्या पाण्याबाहेर उड्या मारत पाठलाग करतात. पण आठ पाठलागांतून लागल्या तीनच. क्वीनफिशचं तोंड कडक आणि ती बाजूने मारते. मासा दिसल्याबरोबर रॉड उचलला की आमिष तिच्या तोंडातून ओढून घेतल्यासारखं होतं. वजन हाताला लागेपर्यंत नुसतं रील फिरवत राहायचं, झटका त्यानंतर. सर्वांत मोठी साडेतीन किलो. तिच्या पाठीवर आणि पोटाखाली विषारी काटे असतात, म्हणून ओल्या फडक्याने धरावी.

साडेसहाला खडपाच्या कपारीतून एक जड ओढ आली, दहा मीटर ब्रेड गेली आणि सुटली. परत आलेला लीडर शेवटच्या हातभर लांबीत कानशीने घासल्यासारखा खरखरीत झालेला. बहुधा तांबोशी. इथे चूक ड्रॅगची, म्हणजे दोर ताणाखाली सुटू देणाऱ्या रीलच्या ब्रेकची होती. मोकळ्या पाण्यातल्या क्वीनफिशसाठी चार किलोवर ठेवलेला ड्रॅग कपारीजवळ आमिष टाकताना सहावर न्यायला हवा होता. ड्रॅग हाताच्या अंदाजाने लावू नये, सामान तोलायच्या वीतभर काट्याला दोर बांधून ओढून बघावा. ३० पौंडी दोराला एक तृतीयांश, म्हणजे साडेचार किलो, ही साधी मर्यादा. कपारीत त्याहून जास्त लागतो, म्हणून दोरही जाड हवा.

साडेसातला पाणी थांबलं आणि मासाही थांबला. ऊन चढण्याआधी वर.

द्वादशी. विजयदुर्ग, वाघोटणची खाडी

या फेरीचा सर्वांत भरलेला दिवस. मुखाशी भरती सव्वाआठला, पण खाडीत आत ती अर्धा-पाऊण तास उशिरा लागते. वरच्या अंगाला कांदळवनाच्या कडेने मासे मारायचे असतील तर हा फरक जमेला धरावाच लागतो. मुखाच्या वेळेवर जाऊन बसलं तर थांबलेल्या पाण्यात तासभर वाया जातो.

उद्दिष्ट तांबोशी आणि जिताडा, म्हणजे इकडचा खजुरा. दोघांचीही सवय एकच. भरतीला ते कांदळाच्या मुळांत शिरतात, तिथे गळ पोचत नाही. ओहोटी लागली की मुळांतून पाणी बारक्या व्हाळांनी खाडीत उतरतं. त्याबरोबर सुंगटं, चिंबोरीची पिल्लं, बारके शेवटे (बोय मासे) बाहेर येतात. व्हाळाचं गढूळ पाणी खाडीच्या हिरव्या पाण्याला मिळतं तिथे रेघ दिसते. मासा त्या रेघेच्या हिरव्या बाजूला, व्हाळाच्या खालच्या अंगाला, तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. आमिष वरून, गढूळ पाण्यातून येऊन रेघ ओलांडायला हवं. रेघेवर नेमकं टाकलं तर ते माशाच्या डोक्यावर पडतं आणि मासा उठून जातो.

होडी इंजिन बंद करून काठीने ढकलायची, व्हाळापासून वीस मीटरवर नांगर. नांगराची साखळी हळू सोडायची, तिचा खळखळाट पाण्यातून लांब जातो. पहिल्या दोन व्हाळांवर काहीच लागलं नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

आमिषं दोन: १० सेंटिमीटरचा, मीटरभर खोल जाणारा मिन्नो (माशाच्या आकाराचं कडक आमिष) आणि ४ इंची रबरी मासा १० ग्रॅमच्या जिगहेडवर (शिसं ओतलेल्या गळावर). मिन्नोचे कारखान्यातून येणारे तिहेरी गळ तांबोशी सरळ करते. ते काढून जाड तारेचे लावले आणि स्प्लिट रिंगही त्याच ताकदीच्या घेतल्या. गळ जड झाले की मिन्नो तरंगायचा बंद होतो, म्हणून बादलीत टाकून बघावा. तो सावकाश वर येत असेल तर चालतो, बुडत असेल तर मागचा गळ एकेरी करावा.

साडेदहा ते साडेबारा ओढ चांगली होती. तिसऱ्या व्हाळावर मिन्नो तीन वळणं ओढून थांबवला, आणि तो थांबलेला असतानाच घेतला गेला. तांबोशी पहिल्या दोन सेकंदांत मुळांकडे वळते आणि लढत तिथेच ठरते. दोर सोडायचा नाही, रॉड वर न उचलता बाजूला खाली धरायचा आणि रील फिरवायचं. सव्वा किलोची, तांब्याच्या रंगाची, डोळ्याखाली बारीक निळी रेघ असलेली. त्यानंतर आणखी दोन आल्या, दोन मुळांत जाऊन तुटल्या. तुटलेल्यांपैकी एकीत लीडर शाबूत होता आणि ब्रेड, तिला लीडरशी जोडणाऱ्या एफजी गाठीपाशी तुटली होती. गाठ कालवांवर घासून तिचे दोन-तीन पदर आधीच गेले असणार. खाडीत दर तीन-चार माशांनंतर गाठीवरून नख फिरवावं. केस उभे राहिल्यासारखं लागलं की कापून नवी बांधावी. वीस वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, आणि शेवटी हाताला फडकं गुंडाळून पूर्ण ताकदीने ताण. पारदर्शक लीडरवर ब्रेडचा रंग गडद झाला की गाठ बसली.

या तांबोश्या खाडीतल्या, म्हणजे वयाने लहान. मोठ्या झाल्या की त्या खाडी सोडून बाहेरच्या खडकांत जातात आणि तिथे विणीला येतात. दीड किलोच्या आतली तांबोशी ठेवणं म्हणजे अजून एकदाही न व्यालेला मासा ठेवणं. तिन्ही सोडल्या.

साडेबारानंतर पाणी उथळ आणि कोमट झालं. हात बुडवल्यावर गारवा जाणवेनासा झाला की काठावरचा मासा खोल डोहात उतरलेला असतो.

त्रयोदशी. मुसाकाझी आणि आंबोळगड

काही लागलं नाही. दुपारी सह्याद्रीकडून ढग आले, चारच्या सुमारास विजा. कार्बनचा रॉड वीज चांगली वाहून नेतो. गडगडाट ऐकू आल्यावर खडपावर उभं राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं. रॉड आडवे करून गाडीत. पहिल्या सरीनंतर वळवाचं लाल पाणी खाडीत आलं. अशा पाण्यात शिंगाळे लागतात, बाकी मासा दिवसभर बिचकतो. संध्याकाळ सामान धुण्यात घालवली. रील नळाच्या जोरदार धारेखाली धरू नये, मीठ आत ढकललं जातं. ड्रॅगची चकती घट्ट करून हलकी फवारणी, मग पुसून चकती सैल. ब्रेड बादलीभर गोड्या पाण्यात तासभर.

चतुर्दशी. पूर्णगड, मुचकुंदीचं मुख

भरती सकाळी पावणेदहाला आणि रात्री दहाच्या पुढे. रात्रीची धरली. उधाण चढलेलं आणि वाळूच्या दांड्यावरून पाणी जोराने आत शिरणारं. मे महिन्यात मोठा जिताडा मुखाशी येऊन थांबतो, कारण पाऊस लागला की तो इथेच, खाऱ्या पाण्यात विणतो.

आमिष जिवंत शेवटा, वीतभर. तो पागाने (फेकजाळ्याने) संध्याकाळीच धरून ठेवायचा. बादलीत एका वेळी पाचाहून जास्त ठेवू नयेत, पाणी दर वीस मिनिटांनी बदलावं. कोमट पाण्यात शेवटा पंधरा मिनिटांत उलटा होतो आणि मेलेल्या शेवट्याला शिंगाळाच लागतो. मांडणी: ६० ग्रॅमचं सरकतं शिसं, स्विव्हल, ६० पौंडी लीडर ८० सेंटिमीटर, ७/० सर्कल गळ वरच्या ओठातून. सर्कल गळाला झटका द्यायचा नसतो. दोर पळू लागला की चार-पाच सेकंद जाऊ द्यायचं, रीलची बेल (दोर मोकळा सोडणारी कडी) बंद करायची आणि ताण आपोआप येऊ द्यायचा. गळ वळून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, घशात जात नाही. मासा सोडायचा असेल तर हेच हवं.

सव्वासात ते नऊ दोन शिंगाळे. शिंगाळा हाताने सोडवू नये, पक्कडीने गळ धरून उलटा करावा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात-पाय तासभर बुडवून ठेवावा, वेदना पुष्कळ उतरते. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर दवाखाना. उथळ पाण्यात उतरताना पाय घासत चालावं, पाकट वाळूत दबून असते आणि घासणाऱ्या पायाखालून निघून जाते.

साडेनऊला, पाणी मंदावू लागताना, दोर सावकाश सरकला. पहिली उडी पूर्ण बाहेर. कल्ले फाकवून डोकं झटकताना त्यांचा खडखडाट स्पष्ट ऐकू आला, आणि बॅटरीच्या उजेडात डोळा पेटलेल्या निखाऱ्यासारखा लाल. उडीच्या क्षणी रॉड पाण्याकडे झुकवावा. दोर ताठ राहिला तर त्याच झटक्यात गळ निघतो. बारा मिनिटं लागली. मापपट्टीवर ९४ सेंटिमीटर.

जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. या आकाराचा मासा म्हणजे बहुतेक करून मादी, आणि मेमध्ये तिच्या पोटात गाबोळी असते. बाजारात तिला चांगला भाव मिळतो हे खरं, पण एका ताटापायी मुखाशी आलेली मादी उचलणं योग्य नाही. ओल्या हातांनी पोटाखाली आधार द्यायचा, जबड्यावर उभी टांगायची नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून लढतीनंतर मासा सावरायला वेळ घेतो. प्रवाहाकडे तोंड करून तिला धरून ठेवलं. मागे-पुढे ढकललं नाही, कारण मागे ओढताना कल्ल्यांत उलटं पाणी जातं. पाच मिनिटांनी शेपटीने हात झटकला आणि गेली. हलका रॉड आणला असता तर हीच लढत अर्धा तास चालली असती आणि मासा सोडूनही वाचला नसता. उन्हाळ्यात जड सामान लागतं ते याचसाठी.

पौर्णिमा. भाट्ये

भरती साडेदहाला. पण पहाटेच नैऋत्येकडून लांब लाटा सुरू झाल्या होत्या. वारा पडलेला आणि तरी लाट उंच, म्हणजे ती दुरून आलेली. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा आदल्या रात्रीच आला होता. काजळीच्या मुखावर पाणी चहासारखं गढूळ, गळावर दर टाकीला शेवाळाची जुडी. पांढऱ्या आणि पोपटी रबरी माशांवर तासाभरात एक लहान करकरा. नवाला थांबलो.

अशी लाट लागली की खडप पुढचे तीन-चार दिवस बंद धरावं. गढूळपणा मुखाशी आधी निवळतो, खडपाशी नंतर. पुढची जुळणी वद्य एकादशीची, त्या दिवशी भरती पुन्हा साडेसातला येते आणि पहाट अंधारी असते. पण तोवर वैशाख सरत येतो. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची पावसाळी बंदी लागते, म्हणून निवतीसारखी बाहेरची जागा त्याआधीच करून घ्यावी लागेल. ठेवलेली सुरमई आणि मुडदुशे पहिल्या दिवसांतच दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा मिश्रणात ठेवले होते आणि त्याच दिवशी रांधले. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा वरून गार आणि आतून गरम राहतो, वैशाखात तो दुपारपर्यंतही टिकत नाही.